फळीवरचे सात केस

या, जवळ सरका. तिकडे दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वारा घेऊन जाईल. आणि गोष्ट आहे वाऱ्याचीच, मग त्याच्या हाती ती फुकट कशाला द्या? कीर्तनाला बसल्यासारखी ऐसपैस मांडी घाला. आज सात केसांची कथा सांगतो. राजकन्येच्या सोनेरी केसांची नव्हे, एका वीटभट्टीवरच्या बाईच्या केसांची. त्या सात केसांनी साठ हजार विटा तोलून धरल्या.

नदीच्या वळणावर ती भट्टी होती. एका अंगाला मातीचा खड्डा, मधे विटा वाळवायचं सपाट अंगण, पलीकडे जळून जळून काळा पडलेला भट्टीचा चौथरा. चौथऱ्याला लागून पत्र्याच्या दोन खोल्या, त्यांत मिस्त्रीचं बिऱ्हाड. मिस्त्री म्हणजे जाळ लावणारा. माती कोणीही तुडवावी, साचा कोणीही भरावा, पण रचलेल्या भट्टीला पेटता पलिता लावायचा तो मिस्त्रीने. हा मान त्याच्या आजापासून त्या घरात होता. मिस्त्री आता साठीच्या पुढे गेला होता. गुडघे धरलेले, छातीत धूर साठलेला, पण जाळाच्या दिवशी धुतलेला सदरा घालून असा काही चालत यायचा की बघणाऱ्याने बाजूला व्हावं.

त्याची बायको दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेली. तिचे केस गुडघ्याखाली यायचे. सकाळी उंबऱ्यावर बसून ती वेणी सोडायची, एक बट दोन बोटांत धरून चोळायची आणि सांगायची, "आज हवा बसलीये. विटा पालथ्या घालू नका." नाहीतर म्हणायची, "उठली हवा. उघडा सगळं." बाया हसायच्या. "हिच्या डोक्यात ढग अडकलेत गं!" पण हसता हसता विटांवरची ताडपत्री तिच्याच शब्दावर निघायची आणि पडायची.

शेवटच्या आजारात तिने एक काम करून ठेवलं. आपल्या डोक्यातले सात लांब केस उपटले. जुन्या दाराची फळी घेतली, वर खिळा ठोकून केसांचं एक टोक त्याला बांधलं. खाली सायकलची तार दोन आकड्यांत आडवी बसवली, केसांचं दुसरं टोक तिच्यावर गुंडाळलं आणि ताण राहावा म्हणून एक खडा लोंबता ठेवला. तारेच्या तोंडाला काडीचा काटा. दमट हवेत केस लांबतो, काटा खाली उतरतो. कोरड्या हवेत केस आखडतो, काटा वर चढतो. तापल्या सळईने तिने फळीवर तीन खुणा डागल्या आणि मुलाकडून शब्द लिहवून घेतले. वर 'लाव', मधे 'थांब', खाली 'झाक'.

त्या फळीपुढे तिने आपल्या सुनेला अख्खा हिवाळा बसवलं. सून नवी होती, घाबरट होती. सासू सांगायची, "काटा बघ, पण नाक-कान झाकून ठेवू नको. ही फळीही माणसानेच केलीये. आणि एक लक्षात ठेव, आभाळ निळं म्हणजे हवा कोरडी, असं नसतं. थंडीत जमीन गार पडते, जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते, वर मात्र उबदार हवा राहते. पातेल्यावर झाकण बसावं तसं होतं. आतली वाफ जाणार कुठून?"

सून म्हणायची, "आत्याबाई, झाकण बसलं हे ओळखायचं कसं?"

"धुराला विचार. धूर उभा राहिला तर झाकण नाही. धूर आडवा झाला तर आहे."

ती गेली. फळी राहिली. दोन वर्षांत सून फळीपुढे उभी राहून शब्द द्यायला शिकली. बावीस भट्ट्या उतरल्या, एकही फुटली नाही.

आणि मग त्या वर्षी पावसाळा लांबला.

पाऊस थांबला तरी जमीन सुकेना. खड्ड्यातली माती हाताला चिकटायची. अंगणातल्या विटा आठ दिवसांत कडक व्हायच्या त्या पंधरा दिवसांनीही बोट दाबलं तर ठसा घेत होत्या. त्यात गावाच्या टोकाला बाळंतपणाचा दवाखाना उभा राहत होता. पाया भरून झाला होता, भिंती विटांवाचून अडल्या होत्या. पाट्या वाहणारी बाई, जिला सगळे पाटीमावशी म्हणत, रोज एकदा तरी म्हणायची, "माझी लेक टेम्पोत बाळंत झाली. पोर रडलं तेव्हा चाक खड्ड्यात होतं. तो दवाखाना होऊ दे रे देवा, मग मला उचल."

दवाखान्याच्या कामावरचा सुपरवायझर सोमवारी भट्टीवर आला. स्वच्छ बूट, हातात मोबाईल. भट्टीचा मालक त्याच्या मागे मागे.

"विटा कधी?"

मिस्त्रीने सुनेकडे पाहिलं. सून फळीजवळ गेली, बघून आली. "काटा थांबवर आहे. अजून चार दिवस तरी विटा वाळू द्यायच्या."

"काटा? कसला काटा?" सुपरवायझर फळीपुढे वाकला. "हे... केस आहेत? कोणाचे?"

"सासूबाईंचे."

तो मोठ्याने हसला. "मालक, सरकारी इमारत उभी करतोय मी, आणि तुमची भट्टी चालते सासूच्या केसावर? जेवणात केस निघाला तर लोक ताट सारतात!"

सुनेचा नवरा, कमी बोलतो म्हणून ज्याला सगळे घुम्या म्हणत, चिखलाचे हात घेऊन उभा होता. तो एवढंच म्हणाला, "ताट सारा. पण विटा इथल्याच न्याल."

मालक मधे पडला. ठरलं असं, की आठवड्याच्या आत भट्टी पेटली पाहिजे. नाहीतर सुपरवायझर आपला जाळवाला आणेल आणि यापुढे या भट्टीचा जाळ त्याच्याच हातचा. मालकाने हे सांगताना खाली पाहिलं. तोही अडलेला होता, भट्टी थंड राहिली तर त्याचंही घर थंड.

त्या दिवसापासून मिस्त्री रात्री उशिरापर्यंत गुडघ्यांना तेल चोळत बसू लागला.

गुरुवारी सकाळी सून फळीपुढे गेली आणि तिचा चेहरा उजळला. काटा वर! अगदी 'लाव'च्या खुणेवर. ती पदर खोचत अंगणात धावली. "भरा! भट्टी भरा! काटा चढला!"

दोन दिवस सगळी माणसं राबली. अंगणातून चौथऱ्यावर साखळी लागली. दोन विटा उजव्या हातात, दोन डाव्या, पोटाशी धरून. वर घुम्या बसून थर लावत होता, एक थर उभा, एक आडवा, मधे भुसा आणि कोळसा. विटांच्या कडांनी बायांच्या बोटांची कातडी सोलली. पाटीमावशी पाठीला हात लावून म्हणाली, "दवाखाना होईपर्यंत मलाच तिथे भरती करावं लागणार बघ." सून हसली. तिला हलकं वाटत होतं. सासूच्या काट्याने घराची अब्रू राखली होती.

शनिवारी दुपारी पलिता लावायचा. सकाळी ती चहा करायला चुलीपाशी बसली. फुंकर घातली, धूर निघाला, हातभर वर गेला आणि थबकला. मग कोणी दाबल्यासारखा वाकला आणि जमिनीवरून सरपटत अंगणाकडे निघाला.

ती चुलीपासून उठली.

मिठाच्या बरणीत बोटं घातली. मिठाचा गोळा झाला होता. दोरीवरचा कालचा पंचा चाचपला, गार, ओलसर. मानेवरचे स्वतःचे केस चिकटलेले. नदीकडे पाहिलं तर पाण्यावर पांढरं धुकं तसंच पडून होतं, आणि वर आभाळ निळंभोर.

मग ती फळीकडे गेली. काटा 'लाव'वर. अगदी गुरुवारी होता तिथेच.

काटा वर होता याचं काही नाही, पण तो हलला का नव्हता? पहाटे दव पडतं तेव्हा तो नखभर उतरतो, दुपारी नखभर चढतो, जिवंत माणसाच्या छातीसारखा. गेले दोन दिवस ती आनंदाच्या भरात फक्त खूण बघत होती, काट्याचा श्वास बघितलाच नव्हता. तिने अलगद बोट केसांवर फिरवलं.

बोट बुळबुळीत झालं. नाकाशी नेलं.

तेल होतं. मिस्त्री रात्री गुडघ्यांना चोळायचा तेच.

तेल प्यालेला केस हवा पीत नाही. बुधवारच्या कोरड्या दुपारी काटा वर चढलेला असणार, त्यावर तेलाचा हात फिरला आणि तो तिथेच गोठला. फळीवर वेडंवाकडं काही नव्हतं. कोणीतरी फार जपून, वरून खाली, एकेक केस मऊ केला होता.

तिने ओळखलं. आत खोलीत मिस्त्री धुतलेला सदरा घालत होता. आज जाळाचा दिवस. ती दारात उभी राहिली. काय म्हणायचं? आबा, तुम्ही बायकोच्या केसांना तेल लावलंत म्हणून साठ हजार विटा जाणार?

ती चौथऱ्याकडे गेली.

मालक आला होता. सुपरवायझर आला होता, त्याच्या मागे त्याने आणलेला जाळवाला, रुमालाने तोंड पुसत. बाया अंगणात ओळीने बसल्या होत्या. मिस्त्री पलिता घेऊन आला.

"भट्टी लावायची नाही," सून म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मालक म्हणाला, "अगं, परवा तूच ओरडत आलीस ना, भरा म्हणून?"

"हो. चुकलं."

"कोण चुकलं?" सुपरवायझरने फळीकडे बोट केलं. "काटा चुकला का?"

मिस्त्री बाजूलाच होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "काट्याचं काही नाही. मी चुकले. मला नीट बघता आलं नाही."

"वा! दोन दिवस साठ माणसांचा घाम काढलास आणि आता नीट बघता आलं नाही?" जाळवाला खदखदला. कोणीतरी बाई हळूच म्हणाली, "सासूची सर कुठून येणार." ते सुनेला ऐकू गेलं. कान तापले. पण सून खाली बघत उभी राहिली नाही. ती चौथऱ्यावर चढली, वरचे दोन थर बाजूला केले, तिसऱ्यातली मधली वीट उपसली आणि कडेच्या दगडावर आपटली. दोन तुकडे झाले. ते घेऊन ती खाली आली, सुपरवायझरच्या हातात ठेवले.

बाहेरून वीट फिकट, कोरडी ठणठणीत. आत मुठीएवढा काळा ओला गाभा.

"याला जाळ लागला की आतल्या पाण्याची वाफ होईल. वाफेला वाट मिळाली नाही की वीट तडकेल. आठ दिवस मंद धूर देऊन ही ओल काढता आली असती, पण तेवढे दिवस तुमच्याकडे नाहीत."

"पण मोबाईल बघ!" त्याने तो तिच्यापुढे धरला. "आठ दिवस ऊन. पाऊस शून्य."

"मोबाईल खोटं बोलत नाही, साहेब. तुम्ही त्याला पाऊस विचारलात. मी ओल विचारतेय. आभाळ मोकळं आहे म्हणूनच रात्री जमीन गार पडते आणि हवा बसते. तो धूर बघा."

चुलीचा धूर गुडघ्याएवढ्या उंचीवर सतरंजीसारखा पसरला होता. सुपरवायझरने तो बघितला. स्वतःच्या बुटांभोवती घोटाळणारा धूरही बघितला. तो बराच वेळ हातातल्या तुकड्याचा गाभा अंगठ्याने दाबत होता.

"चार दिवस," तो शेवटी म्हणाला. "बुधवारी दुपारी माझा माणूस जाळ लावेल. गाभा ओला असो की सुका. आणि मग तुमच्या घराचा इथे संबंध नाही."

तो गेला. मिस्त्रीने पलिता विझवून भिंतीला टेकवला.

तळाला सगळ्यांत जुन्या, सुकलेल्या विटा होत्या, त्या तशाच ठेवून त्यांनी भट्टीचे वरचे थर उकलले. भरताना दोन दिवस लागले होते, उकलायला दीड. आता साठ माणसं नव्हती, मालक दुसऱ्यांदा हाजरीचे पैसे कुठून देणार? घुम्या, सून, पाटीमावशी आणि मालक स्वतः. मालकाच्या पोटाला विटांची सवय नव्हती, दर फेरीला तो कण्हायचा. पाटीमावशी म्हणायची, "कण्हा मालक, कण्हा, दवाखाना तुमच्यासाठीच बांधतोय." विटा उभ्या, विरळ, जाळीसारख्या रचल्या, की वाऱ्याची झुळूक आलीच तर प्रत्येकीच्या चारही अंगांना लागावी. घुम्याच्या तळहाताला भेग पडली, त्यात माती गेली. सुनेने चिंधी बांधली तेव्हा त्याने विचारलं, "काटा खरंच तुला दिसला नाही?"

"नाही दिसला."

त्याने चिंधीची गाठ दातांनी आवळली. मग म्हणाला, "बरं," आणि पुढची वीट उचलली.

त्याच दुपारी तिने कोमट पाण्यात कपड्यांचा सोडा कालवला, मऊ चिंधी बुडवली आणि फळीवरचे केस धुतले. वरून खाली, एकेक. सासूचं डोकं ती आजारपणात धुवायची, तशीच. तेल सुटलं. केस कोरडे झाले, आणि थोड्या वेळात काटा डुगडुगला, घसरला, 'थांब'च्याही खाली जाऊन टेकला. पण जुना केस, त्यावर सोडा. सातांतला एक केस तिच्या बोटात तुटून आला.

तिने तो फेकला नाही. दिव्याच्या कोनाड्यात ठेवला. मग स्वतःच्या डोक्यातला एक लांब केस उपटला, तोही सोड्यात धुतला आणि रिकाम्या जागी बांधला.

मागे पाऊल वाजलं. मिस्त्री होता. किती वेळ उभा होता देव जाणे. त्याने वाटीतला सोडा बघितला, चिंधीवरचा तेलकट डाग बघितला आणि भिंतीला धरून खाली बसला.

"पोरी," तो म्हणाला.

"चहा ठेवते, आबा," ती म्हणाली.

रविवार गेला, सोमवार गेला. काटा नखभर वर, नखभर खाली. धूर आडवाच. मंगळवारी दुपारी तिने एक वीट फोडली. गाभा सुपारीएवढा उरला होता, पण होता. त्या संध्याकाळी मिस्त्रीने धुतलेला सदरा परत घडी करून उशाखाली ठेवला.

बुधवारी उजाडताना ती चुलीपाशी बसली. फुंकर घातली. धूर निघाला, हातभर वर गेला. धूर थबकला नाही. पत्र्याच्या वर गेला, झाडाच्या शेंड्यावर गेला आणि तिथे कोणीतरी विस्कटल्यासारखा पुसून गेला.

"अहो!" ती ओरडली. "उठा! हवा उठली!"

वारा आला. मोठा नव्हे, दोरीवरचा पंचा हलेल एवढा, पण कोरडा, ओठ फुटतील असा. नदीवरचं धुकं फाटत गेलं. उकललेल्या विटांच्या जाळीतून वारा शिट्या घालू लागला. काटा बघता बघता चढला, 'थांब' ओलांडून 'लाव'च्या दिशेने निघाला, थरथरत, श्वास घेत. पाटीमावशी गावात हाका घालत गेली, "चला गं, चला! दवाखान्याच्या भिंती वाट बघतायत!" आणि बाया आल्या. हाजरी कोणी विचारली नाही. शनिवारी पुटपुटणारीही आली, सुनेशेजारी साखळीत उभी राहिली आणि विटा देताना म्हणाली, "तुझ्याही डोक्यात ढग अडकले गं बाई आता!"

दुपारी सुपरवायझर आला तेव्हा शेवटचा थर चढत होता. त्याने न विचारता मधली वीट काढली, आपटली. आतून बाहेरून एकच रंग. त्याने तुकडे जुळवून बघितले, जाळवाल्याकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. जाळवाल्याने रुमाल खांद्यावर टाकला आणि तो मागे सरला.

मिस्त्री धुतलेला सदरा घालून आला. सगळे बाजूला झाले. त्याने पलिता पेटवला, पण भट्टीच्या तोंडाशी न जाता तो अंगणाच्या मधोमध थांबला.

"एक सांगायचंय. साहेब, तुम्हीही ऐका. शनिवारी हिने मी चुकले म्हटलं. ही चुकली नव्हती. तेल मी लावलं होतं."

घुम्याने मान वर केली.

"केस फार कोरडे दिसत होते. ती जिवंत होती तेव्हा मी कधी तिच्या डोक्याला तेल लावलं नाही. वेळच नसायचा, हाताला राख असायची. म्हटलं, आता तरी लावू." म्हातारा खोकला, पण आवाज खाली गेला नाही. "हिला ते कळलं होतं. साठ माणसांसमोर हिने बोल खाल्ला, पण माझं नाव घेतलं नाही. आणि विटाही वाचवल्या. काटा बंद पडला तेव्हा ही स्वतः काटा झाली. माझ्या आजाने हा जाळ बापाला दिला, बापाने मला दिला. मी हिला देतोय. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने आत्ता म्हणावं."

सुपरवायझरने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

सुनेचे हात चिखलाने भरलेले होते. तिने ते पदराला पुसले, पलिता घेतला. गुडघे टेकून भट्टीच्या तोंडाशी वाकली. आधी भुसा धुमसला, मग आत कुठेतरी खोलवर जाळ धरल्याचा धप्पकन आवाज झाला. बायांनी माना वर केल्या. धूर भट्टीच्या माथ्यावरून निघाला आणि सरळ, खांबासारखा वर चढत गेला.

"बघ," मिस्त्री म्हणाला. कोणाला म्हणाला, ते मी विचारलं नाही.

भट्टी थंड होऊन उतरली तेव्हा सुपरवायझरने दोन विटा एकमेकींवर वाजवल्या. घंटेसारखा नाद आला. साठ हजारांत तडकलेल्या इतक्या थोड्या, की त्यांत पाटीमावशीच्या दारापुढचा ओटाही पुरा झाला नाही. दवाखाना उभा राहिला. पहिलं बाळंतपण रात्री झालं की दिवसा, यावर गावात अजून वाद आहे, पण पोर रडलं तेव्हा चाक कुठल्याच खड्ड्यात नव्हतं, यावर नाही.

तर गोष्ट एवढीच. तुम्ही कधी त्या वाटेने गेलात आणि लाल भिंतींचा तो दवाखाना दिसला, तर आत जायची गरज नाही. कोपऱ्यावर थांबा, बोटाच्या पेराने एक वीट वाजवा. नाद ऐकू आला की उंबऱ्यावर वेणी सोडून बसलेल्या त्या बाईची आठवण काढा, जी आपले सात केस मागे ठेवून गेली. आणि सातवा आता तिचा नाही, हेही लक्षात असू द्या.